रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (जन्म : मुरूड, रत्नागिरी जिल्हा, १४ जानेवारी १८८२, मृत्यू : मुंबई, १४ ऑक्टोबर १९५३) हे भारतातील संततिनियमनाच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक, लैंगिक शिक्षणाचे पुरस्कर्ते, गणिताचे प्राध्यापक आणि ‘समाजस्वास्थ्य’ या मराठी मासिकाचे संपादक होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. भारतातील असे हे पहिले केंद्र मानले जाते. लोकसंख्येच्या प्रश्नाकडे राष्ट्राची शक्ती, धर्माचे संख्याबळ किंवा अन्नधान्याचा हिशेब यांच्या बाजूने न पाहता स्त्रीचे आरोग्य आणि व्यक्तीचे सुख यांच्या बाजूने पाहणे, हे त्यांच्या विचाराचे वेगळेपण होय.

बालपण आणि शिक्षण

कर्वे घराणे कोकणातील मुरूडचे. रघुनाथरावांच्या आई राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. त्याच सुमारास वडील पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले होते. १८९३ मध्ये धोंडो केशवांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. तेव्हा रघुनाथराव अकरा वर्षांचे होते. समाजाला न रुचणारी गोष्ट केल्यास काय सोसावे लागते, हे त्यांनी घरातच पाहिले. मात्र वडिलांची सुधारणा लोकांच्या कलाने, देणग्या गोळा करीत आणि शक्यतो वाद टाळीत पुढे गेली. मुलाने वाद टाळण्याचा प्रयत्न फारसा केलेला दिसत नाही.

१८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. १९०४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी गणिताच्या अध्यापनाचा व्यवसाय स्वीकारला. त्यांच्या पत्नी मालतीबाई या माहेरच्या गंगू गोखले. मूल होऊ न देण्याचा निर्णय या दांपत्याने विचारपूर्वक घेतला होता. पुढे नोकरी गेल्यावर संसाराचा आर्थिक भार मोठ्या प्रमाणात मालतीबाईंनी उचलला. कर्वे यांच्या कार्याच्या अनेक वर्णनांत ही बाब एका वाक्यात उरकली जाते. प्रत्यक्षात त्यांच्या मिळकतीवाचून हे कार्य चालणे कठीण होते.

पॅरिसमधील वास्तव्य

पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्या उच्च शिक्षणासाठी कर्वे पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांनी चांगली आत्मसात केली. फ्रेंच कथांची भाषांतरे पुढे ते आयुष्यभर करीत राहिले. त्यांच्या तेथील वास्तव्याचा काळ लोकसंख्येच्या राजकारणाच्या दृष्टीनेही लक्षणीय होता. फ्रान्सचा जननदर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनच घसरत आला होता. १८७० च्या युद्धातील पराभवानंतर शेजारच्या जर्मनीची वाढती लोकसंख्या हा तेथील राज्यकर्त्यांच्या चिंतेचा विषय झाला. महायुद्धात सुमारे १३ ते १४ लाख फ्रेंच सैनिक मरण पावल्यावर ही चिंता भयात बदलली. ३१ जुलै १९२० रोजी फ्रेंच संसदेने संततिनियमनाच्या प्रचारास बंदी करणारा कायदा केला. सैन्यासाठी तरुण हवेत म्हणून मातांनी मुले प्रसवावीत, अशी सरकारची भूमिका होती. असे असूनही फ्रान्समधील कुटुंबे लहानच राहिली. कायदा करून जन्म वाढविता येत नाहीत, याचे ते एक ठळक उदाहरण ठरले.

१९२१ : केंद्राची स्थापना

मुंबईत परतल्यावर कर्वे विल्सन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी मार्चमध्ये मारी स्टोप्स यांनी लंडनमध्ये इंग्लंडमधील पहिले केंद्र उघडले होते. त्यापूर्वी, ऑक्टोबर १९१६ मध्ये, मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात उघडलेले केंद्र पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले होते. मुंबईतील केंद्र म्हणजे इस्पितळ नव्हते. गर्भधारणा टाळण्याची त्या काळी उपलब्ध असलेली साधने पुरविणे, ती वापरण्याची पद्धत समजावून सांगणे आणि विचारलेल्या शंकांना उत्तर देणे, एवढेच त्याचे स्वरूप होते. या कामात मालतीबाईंचाही सहभाग होता.

हे केंद्र ज्या वर्षी निघाले त्या वर्षाला भारताच्या लोकसंख्येच्या इतिहासात वेगळे महत्त्व आहे. १९२१ च्या जनगणनेत आजच्या भारताच्या भूभागातील लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटलेली आढळली. १९११ मध्ये ती सुमारे २५.२ कोटी होती, १९२१ मध्ये २५.१ कोटी झाली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभरात एक कोटीहून अधिक माणसे मेली होती. प्लेग, पटकी आणि दुष्काळ यांचेही बळी होतेच. त्या दशकात दर हजारी जननदर सुमारे ४८ आणि मृत्युदर सुमारे ४७ होता. सरासरी आयुर्मान २० वर्षांच्या आसपास होते. म्हणजे स्त्रिया अनेकदा प्रसूत होत, त्यांतील बरीच मुले दगावत, अनेक माताही बाळंतपणात जात आणि एवढे होऊन लोकसंख्या जवळपास होती तेथेच राही. १९२१ नंतर मृत्युदर उतरू लागला, जननदर मात्र बराच काळ चढाच राहिला. त्यामुळे लोकसंख्येचा आलेख सतत वर गेला. लोकसंख्याशास्त्रज्ञ या वर्षाला महाविभाजक वर्ष म्हणतात.

यावरून कर्वे यांच्या कार्याचा एक वारंवार होणारा विपर्यास दूर करता येतो. वाढत्या लोकसंख्येला आळा घालणारे द्रष्टे पुरुष, अशी त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांतून करून दिली जाते. त्यांनी केंद्र उघडले तेव्हा देशाची लोकसंख्या वाढतच नव्हती. प्या. कि. वट्टल यांचा भारतीय लोकसंख्येवरील ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि माल्थसची १७९८ ची मांडणी सुशिक्षितांना परिचित होती. कर्वे यांनाही ती ठाऊक होती आणि दारिद्र्य व मोठे कुटुंब यांचा संबंध त्यांनी लेखनातून दाखविला. तथापि त्यांचा मुख्य युक्तिवाद निराळा होता. मूल केव्हा व्हावे आणि व्हावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीला असला पाहिजे आणि गर्भधारणेच्या भीतीवाचून शरीरसुख घेण्याचा अधिकार स्त्रीपुरुष दोघांनाही सारखाच आहे, असे ते मानीत. पाप, लज्जा आणि देवाची इच्छा या कल्पनांना या प्रश्नात त्यांनी स्थान दिले नाही. ते उघड बुद्धिवादी आणि निरीश्वरवादी होते.

राजीनामा

विल्सन महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालविलेले होते. प्राध्यापकाने असा प्रचार करणे व्यवस्थापनाला मान्य नव्हते. प्रचार किंवा नोकरी यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ मध्ये कर्वे यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी महात्मा गांधींनी आपल्या साप्ताहिकातून कृत्रिम साधनांनी संततिनियमन करण्यास विरोध जाहीर केला होता. लहान कुटुंब गांधींनाही हवे होते, परंतु त्यासाठी त्यांना ब्रह्मचर्य आणि संयम एवढाच मार्ग मान्य होता. ब्रह्मचर्याचा हा उपदेश सामान्य माणसाला न पेलणारा आणि शरीरशास्त्राशी विसंगत आहे, अशी टीका कर्वे यांनी पुढे अनेक वर्षे केली. राष्ट्रीय चळवळीच्या ऐन भरात गांधींवर अशी टीका करणे लोकप्रिय होण्याचा मार्ग नव्हे, हे उघड आहे. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधींना भेटल्या. दोघांची दीर्घ चर्चा झाली, तरी गांधींचे मत बदलले नाही.

‘समाजस्वास्थ्य’

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. त्यानंतर २६ वर्षे हे मासिक चालू राहिले. संपादन, बहुतांश लेखन आणि व्यवस्था ही सर्व कामे कर्वे यांनीच पाहिली. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. नग्नतेत अश्लील काही नाही, हे त्यांचे म्हणणे त्यातून वाचकाच्या हाती अंक पडताच पोचत असे. संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, आहार, विवाहसंस्था, धर्मचिकित्सा, पुस्तकपरीक्षणे असे विषय त्यात असत. ‘शारदेची पत्रे’ हे सदर ते स्वतःच शारदा या नावाने लिहीत. वाचकांनी पाठविलेल्या प्रश्नांना छापील उत्तरे देण्याची प्रथा या मासिकाची सर्वांत मोलाची बाजू म्हणावी लागेल. डॉक्टरला, वडीलधाऱ्यांना किंवा जोडीदारालाही विचारता न येणारे प्रश्न त्यातून प्रथमच साध्या मराठीत मांडले गेले. उत्तरांची भाषा कोरडी, थेट आणि शास्त्रीय असे. नवे शब्द मराठीत रुजविण्याचे कामही त्यातून आपोआप झाले.

मासिक निघाले त्या वर्षीच्या मे महिन्यात इटलीत मुसोलिनीने देशाची लोकसंख्या वाढविण्याची मोहीम जाहीर केली होती. अविवाहित पुरुषांवर तेथे त्याच वर्षी कर बसविण्यात आला. १९३३ नंतर जर्मनीतील नाझी राजवटीने संततिनियमनाची केंद्रे बंद पाडली, एका बाजूला आर्य ठरविलेल्या मातांना अधिक मुलांसाठी प्रोत्साहन दिले आणि दुसऱ्या बाजूला अयोग्य ठरविलेल्यांची सक्तीने नसबंदी केली. जन्माचा निर्णय राज्याच्या हाती गेला की तो दोन्ही दिशांनी वळविता येतो, हे त्या दशकात युरोपात दिसून आले.

भारतात हाच प्रश्न धर्माच्या अंगाने आला. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, तेव्हापासून जनगणनेतील धर्मनिहाय आकड्यांना राजकीय वजन प्राप्त झाले. त्याच वर्षी उ. ना. मुखर्जी यांनी हिंदू हा नष्ट होत चाललेला समाज असल्याची मांडणी केली. १९२६ मध्ये स्वामी श्रद्धानंदांनी तीच भीती पुढे नेली. अशा वातावरणात संततिनियमन म्हणजे आपल्याच समाजाचे संख्याबळ कमी करणे, असा आक्षेप घेणे सोपे होते. सुशिक्षितांतील काही पुरस्कर्ते, उदाहरणार्थ कादंबरीकार ना. सी. फडके, या विषयाला सुप्रजाजननाची जोड देत. १९२७ मधील त्यांचे इंग्रजी पुस्तक त्याच भूमिकेतून लिहिलेले आहे. संततिनियमन हे राष्ट्रासाठी किंवा वंशासाठी करावे, असे म्हटले की ते प्रतिष्ठित होई. कर्वे यांनी मुख्य भर दिला तो या प्रतिष्ठित कारणांवर नव्हे, तर व्यक्तीच्या इच्छेवर. त्यामुळे त्यांना अनुयायी थोडे आणि विरोधक पुष्कळ मिळाले.

खटले

‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेच्या आरोपाखाली सरकारने एकाहून अधिक वेळा खटले भरले. पहिला खटला १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून झाला. धर्मग्रंथांतील दाखले देऊन लिहिलेल्या या लेखामुळे सनातनी मंडळी संतप्त झाली होती. न्यायालयाने कर्वे यांना १०० रुपये दंड केला. उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले.

दुसरा खटला १९३४ मधील. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. कर्वे यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच पार पडलेले होते आणि आंबेडकरांचे नाव देशभर झालेले होते. अशा वेळी एका बहिष्कृत संपादकाचे, तेही लैंगिक विषयावरील, वकीलपत्र घेणे राजकीयदृष्ट्या लाभाचे नव्हते. केवळ विषय लैंगिक आहे म्हणून लेखन अश्लील ठरत नाही आणि खऱ्या शंकेला शास्त्रीय उत्तर देणे हे संपादकाचे कामच आहे, असा बचावाचा रोख होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि २०० रुपये दंड ठोठावला. दंडाची रक्कम आज क्षुल्लक वाटते. स्थिर उत्पन्न नसलेल्या आणि तोट्यात मासिक चालविणाऱ्या माणसाला ती जड होती. पुढे आणखी एकदा त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. मासिक बंद मात्र पडले नाही.

आंबेडकरांचा या विषयातील रस त्या खटल्यापुरता नव्हता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य प्रभाकर रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी सरकारने उपाय योजावेत, असा ठराव मांडला. त्यावरील भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. वारंवारच्या बाळंतपणाने होणारी स्त्रियांची हानी हा त्या भाषणाचा एक आधार होता. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. निवडून आलेल्या प्रतिनिधींना त्या काळी हा विषय सभागृहात चर्चेला येणेही अप्रशस्त वाटत होते.

ग्रंथलेखन

‘संततिनियमन’ या विषयावरील कर्वे यांचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘गुप्तरोगांपासून बचाव’, ‘आधुनिक कामशास्त्र’ (१९३४), ‘आधुनिक आहारशास्त्र’ आणि ‘वेश्याव्यवसाय’ ही त्यांची इतर उल्लेखनीय पुस्तके होत. यांतील वैद्यकीय माहिती आता कालबाह्य झाली आहे. लेखनामागील निःसंकोच वृत्ती मात्र आजच्या मराठीतही दुर्मीळ आहे.

अखेरची वर्षे

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. १९५१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या ३६.१ कोटी भरली. तीस वर्षांत ११ कोटींची वाढ झाली होती. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा सरकारी कार्यक्रम स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद होती. नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईतच आंतरराष्ट्रीय परिषद भरून नियोजित पालकत्वासाठी एक जागतिक संघटना स्थापन झाली. मार्गारेट सँगर आणि धन्वंती रामा राव यांचा तीत पुढाकार होता. ज्या शहरात तीस वर्षांपूर्वी या विषयासाठी एका प्राध्यापकाला नोकरी सोडावी लागली होती, तेथे आता राज्यकर्ते त्याच विषयावर भाषणे करीत होते. सरकारी कार्यक्रमाचा आरंभ मात्र सुरक्षित काळ पाळण्याच्या पद्धतीवर भर देऊन झाला. संयमाची कल्पना आरोग्य खात्यातून गेली नव्हती आणि कर्वे ज्या साधनांचा प्रचार करीत आले होते त्यांना लगेच स्थान मिळाले नाही.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी मुंबईत कर्वे यांचे निधन झाले. ‘समाजस्वास्थ्य’चा अखेरचा अंक त्यानंतर नोव्हेंबरमध्ये निघाला. वडील धोंडो केशव तेव्हा हयात होते. १९५८ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. रघुनाथरावांना हयातीत कोणताही सरकारी सन्मान लाभला नाही.

कार्याचा पुढील प्रवास

कर्वे यांच्या सहकारी शकुंतला परांजपे यांनी हे काम पुण्यात आणि खेड्यापाड्यांत चालू ठेवले. रँग्लर र. पु. परांजपे यांच्या त्या कन्या. मुंबई राज्याच्या विधान परिषदेत आणि १९६४ पासून राज्यसभेत त्यांनी कुटुंबनियोजनाचा पाठपुरावा केला. त्यांना १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले.

राज्यसंस्थेने मात्र निराळीच वाट धरली. लोकसंख्येचा आकडा हा विकासाच्या गणितातील अडथळा मानला गेला आणि शस्त्रक्रियांची लक्ष्ये जिल्ह्याजिल्ह्यांना वाटून देण्यात आली. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर भारतातील काँग्रेसच्या पराभवामागे नसबंदीबद्दलचा रोष हे एक प्रमुख कारण होते. त्यानंतर कुटुंबनियोजन हा शब्द बदलून कुटुंबकल्याण असा करण्यात आला. ज्या कल्पनेचा उगम व्यक्तीच्या स्वातंत्र्यात होता, तीच व्यक्तीवरील सक्तीचे साधन झाली, हा या इतिहासातील विरोधाभास आहे. कर्वे यांचे लेखन त्या काळात फारसे कोणी उघडून पाहिले नाही.

आकड्यांचे राजकारण त्यानंतरही थांबलेले नाही. जननदर लवकर घटविलेल्या राज्यांचे संसदेतील प्रतिनिधित्व घटू नये म्हणून लोकसभेतील राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठविण्यात आल्या. २००१ च्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाचा एकूण जननदर स्त्रीमागे २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आहे. म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या २.१ या पातळीच्याही तो खाली आला आहे. त्याच सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. कुटुंब लहान झाले, पण त्याची शारीरिक किंमत अद्याप जवळजवळ एकट्या स्त्रीनेच मोजली आहे.

साहित्यात आणि रंगभूमीवर

य. दि. फडके यांनी कर्वे यांचे चरित्र लिहिले. अनंत देशमुख यांनी त्यांच्या विखुरलेल्या लेखनाचा शोध घेऊन ते संपादित केले. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट कर्वे दांपत्याच्या जीवनावर आधारित आहे. त्यात किशोर कदम यांनी रघुनाथरावांची आणि सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंची भूमिका केली. छत्रपती संभाजीनगरचे (तेव्हाचे औरंगाबाद) नाटककार अजित दळवी यांनी ‘समाजस्वास्थ्य’वरील खटल्यांवर त्याच नावाचे नाटक लिहिले. अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली ते २०१७ मध्ये रंगभूमीवर आले. गिरीश कुलकर्णी यांनी त्यात कर्वे यांची भूमिका केली.